मुलाचे उच्चार सुधारायचे असतील तर आधी टोकणे थांबवा

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो भरपूर बोलतो, गोष्टी सांगतो, त्याला सगळे समजते. पण 'क'च्या जागी 'त' आणि 'ग'च्या जागी 'द' म्हणतो. 'कार'ची 'तार' होते, 'गाडी'ची 'दाडी' आणि 'काका'चा 'ताता'. 'र'चाही 'ल' होतो. गंमत म्हणजे 'नाक' हा शब्द तो कधीकधी अगदी नीट म्हणतो. बाहेरच्यांना त्याचे बोलणे फारसे कळत नाही, म्हणून त्याची सात वर्षांची बहीण ते उलगडून सांगते. सासूबाई रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून 'क म्हण, काका म्हण' असे वदवून घेतात. तो चिडतो, आणि अलीकडे पाहुणे आले की बोलतच नाही. माझे पती म्हणतात, वय वाढले की आपोआप सुधारेल. शेजारच्या एका बाईंनी जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा सल्ला दिला आहे. आम्ही घरी नेमके काय करावे आणि काय करू नये?
— एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही 'गंमत म्हणजे' असे म्हणून जाता जाता सांगितली आहे. तुमचा मुलगा 'नाक' कधीकधी नीट म्हणतो, याचा अर्थ जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मऊ भागाला टेकवणे त्याला जमते. 'क' हा ध्वनी तिथेच तयार होतो. शब्दाच्या शेवटी तो त्याला साधतो, सुरुवातीला मात्र जीभ सवयीने पुढे दातांकडे धावते आणि 'त' बाहेर पडतो. 'क'चा 'त' करणाऱ्या मुलांमध्ये पुष्कळदा हाच क्रम दिसतो : आधी शब्दाच्या शेवटचा 'क' सुधारतो आणि मग सुरुवातीचा. म्हणजे सुधारणेची सुरुवात झालेली आहे, आणि घरातला सराव कुठून सुरू करायचा हेही त्या एका शब्दाने तुम्हाला दाखवून दिले आहे.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. तो 'खाट'ला 'थाट' आणि 'घार'ला 'धार' म्हणतो का, हे सहज बोलता बोलता ऐका. बहुधा म्हणत असेल. तसे असेल तर त्याची चार अक्षरे वेगवेगळी बिघडलेली नसून जिभेच्या मागच्या भागाने काढायचे सगळे ध्वनी तो पुढच्या भागाने काढत आहे, इतकी ही साधी आणि नियमित गोष्ट आहे. त्यात आळस नाही, हट्ट नाही आणि बुद्धीची उणीव तर अजिबात नाही. या नियमितपणामुळेच 'क' पक्का बसला की 'ग' पुष्कळदा फार कष्ट न घेता मागोमाग येतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या घरात सध्या बोलणे आणि सराव यांची सरमिसळ झाली आहे, आणि मुलाचा चिडचिडेपणा व पाहुण्यांसमोरचे मौन बहुतांशी तिथून आले असावे, असे मला वाटते. मूल आपल्याला काही सांगायला येते तेव्हा त्याचे लक्ष सांगण्याच्या गोष्टीवर असते, जिभेवर नसते. त्या क्षणी 'असे नाही, नीट म्हण' असे म्हटले की त्याला एवढेच कळते की मी काय सांगतो आहे यात कोणाला रस नाही. असे वारंवार झाले की मूल कमी बोलू लागते, आणि कमी बोलणाऱ्या मुलाचे उच्चार सुधारण्याच्या संधीही कमी होतात. म्हणून दिवसभराच्या बोलण्यात दुरुस्ती अजिबात नको. सरावासाठी वेगळी, लहानशी, ठरलेली वेळ ठेवावी आणि ती संपली की उच्चारांचा विषय बंद करावा.

दुरुस्ती नको, याचा अर्थ चुकीचा उच्चार तसाच सोडून द्यावा असा नाही. त्याने 'माझी दाडी तुठे आहे?' असे विचारले तर तुम्ही लगेच, त्याच ओघात, 'गाडी? तुझी गाडी कपाटाखाली गेली बघ. चल, आपण गाडी बाहेर काढू' असे म्हणा. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि बरोबर शब्द अवघ्या काही क्षणांत त्याच्या कानावर तीनदा पडतो. शब्दावर किंचित जोर द्यावा, पण ओरडून किंवा तोडून म्हणू नये, आणि त्याने तो पुन्हा म्हणून दाखवावा अशी अपेक्षा ठेवून थांबूही नये. तो आपणहून म्हणाला तर आनंदच आहे. हे वरवर फार सौम्य वाटते, परंतु दिवसभरात असे प्रसंग इतक्यांदा येतात की सक्तीने वदवून घेतलेल्या दहा मिनिटांपेक्षा त्यांचा लाभ जास्त होतो.

घरातील मोठ्या माणसांनी आणखी एक पथ्य पाळावे. लाडाने त्याच्यासारखेच बोबडे बोलू नये, आणि समजत असूनही न समजल्याचे सोंग करू नये. पहिल्या गोष्टीबद्दल १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी नोंदवलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला, म्हणजे 'फिश'ला, 'फिस' म्हणत असे. मोठ्या माणसाने त्याची नक्कल करून 'हा तुझा फिस का?' असे विचारले, तर ते मूल 'नाही, माझा फिस' असे म्हणून ठामपणे नाकारत राहिले, आणि मोठ्याने 'फिश' म्हटल्यावरच त्याने होकार दिला. आपल्या तोंडून निघत नसलेला फरक मुलाच्या कानाला पुष्कळदा बरोबर कळत असतो. त्यामुळे त्याचा चुकीचा उच्चार आपण परत त्याला ऐकवला की त्याला ती चेष्टा वाटते, आणि नीट ऐकण्याची एक संधीही वाया जाते.

कधी खरोखरच कळले नाही तर तसे सांगावे, पण कळलेला भाग धरून सांगावा. 'तू बाईंबद्दल काहीतरी सांगतो आहेस, हे कळले. बाईंनी काय केले, ते मला दाखव' असे म्हटले की त्याचे अर्धे काम झाल्यासारखे त्याला वाटते. मुलीलाही विश्वासात घ्या. ती प्रेमाने भावाची दुभाषी झाली आहे, तिला रागावू नका. फक्त 'त्याचे वाक्य पुरे होऊ दे, आणि त्याने तुझ्याकडे पाहिले तरच मदत कर' एवढे सांगा.

सरावाकडे वळण्यापूर्वी एक काम टाळू नका, ते म्हणजे श्रवणचाचणी. हाक मारल्यावर मूल वळून पाहते, म्हणून ऐकू येण्यात काही अडचण नाही, असे घरचे लोक धरून चालतात. पण हाक ऐकू येणे वेगळे आणि 'स' व 'श' किंवा 'क' व 'त' यांतला बारीक फरक स्पष्ट ऐकू येणे वेगळे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठून काही काळ ऐकणे मंद होऊ शकते. त्यात दुखतेच असे नाही, त्यामुळे ते लक्षातही येत नाही. तो टीव्हीचा आवाज मोठा करतो का, 'काय?' असे पुन्हा पुन्हा विचारतो का, याकडे लक्ष द्या, आणि तसे काही दिसले नाही तरी चाचणी करून घ्या.

आता प्रत्यक्ष सराव. दिवसातून एकदा पाच ते दहा मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची ही पाच मिनिटे अधिक उपयोगी ठरतात. वेळ मुलाची झोप किंवा भूक सांभाळून निवडा. सुरुवातीचे काही दिवस त्याला काहीही म्हणायला लावू नका, फक्त ऐकण्याचा खेळ घ्या. 'कार' आणि 'तार', 'गाणे' आणि 'दाणे', 'हाक' आणि 'हात' अशा, एकाच ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्यांची चित्रे काढा. तुम्ही शब्द म्हणायचा आणि त्याने चित्रावर बोट ठेवायचे. नंतर एखादा शब्द तुम्ही मुद्दाम चुकवावा आणि त्याने तुमची चूक पकडावी. साडेचार वर्षांच्या मुलाला मोठ्यांची चूक पकडण्यासारखा आनंद नाही, आणि हीच कानाची तयारी आहे. येथे त्याच्या चुकीची नक्कल होत नाही, कारण चूक तुमची आहे आणि ती खेळात ठरवून केलेली आहे. या जोड्या त्याने स्वतः म्हणण्याची पाळी मात्र फार पुढे, 'क' थोडाफार जमू लागल्यावरच येऊ द्या. त्याआधी तो 'कार' म्हणायला गेला, 'तार' निघाले आणि तुम्ही तारेचे चित्र दाखवले, तर तो खेळ न राहता शिक्षा होते.

त्यानंतर नुसता ध्वनी. येथे आपली एक सवय आड येते. आपण 'क' म्हणताना त्यात 'अ' मिसळलेला असतो, आणि तो स्वर येताच मुलाची जीभ जुन्या वळणावर जाते. म्हणून 'क्' असा तुटक, जवळजवळ कुजबुजल्यासारखा ध्वनी काढून दाखवा. 'क्' घशाच्या बाजूला होतो, त्यामुळे 'प' किंवा 'म' आरशात जितका स्पष्ट दिसतो तितका हा दिसत नाही. परंतु तोंड मोठे उघडून जिभेचे टोक खालच्या दातांमागे खाली राहिले आहे की नाही, हे आरशात नक्की दिसते. टोक वर उचलले जात असेल तर त्याने आपले स्वच्छ धुतलेले बोट टोकावर हलकेच ठेवावे. तुम्ही किंवा आजींनी त्याच्या तोंडात बोट किंवा चमचा घालू नये. उताणे झोपून ध्वनी काढून पाहिला तरी काही मुलांची जीभ आपसूक मागे सरकते.

तुमच्या मुलाला 'नाक' येतो, म्हणून तुम्ही 'अक्', 'इक्', 'उक्' अशा जोडण्यांपासून सुरुवात करा, आणि मग 'नाक', 'हाक', 'एक' असे शेवटी 'क' असलेले छोटे शब्द घ्या. ते दहापैकी आठ वेळा सहज येऊ लागले की शब्दाच्या सुरुवातीकडे वळा : आधी 'का', 'को', 'कू', मग 'कान', 'काम', 'कोन'. 'कान' म्हणताना 'क्-तान' असे झाले तर घाबरू नका. 'क्' म्हणून थोडे थांबायचे आणि मग 'आन' म्हणायचे, आणि हळूहळू मधली जागा कमी करत न्यायची. सुरुवातीला 'कात्री', 'कविता', 'कोथळा' यांसारखे शब्द टाळा, कारण त्यांतला 'त' किंवा 'थ' सुरुवातीच्या 'क'ला आपल्याकडे ओढून घेतो. शब्दांनंतर दोन शब्दांचे तुकडे, जसे 'काळा कावळा', 'माझा कान', मग छोटी वाक्ये, आणि सर्वांत शेवटी सहज बोलणे. सरावात येणारा 'क' रोजच्या बोलण्यात उतरायला आणखी वेळ लागतो, कित्येकदा काही महिने लागतात. 'आत्ता तर म्हणत होतास!' हे वाक्य त्या काळात फार तोंडावर येते; ते गिळून टाका.

सरावातही एक मर्यादा पाळा. लागोपाठ तीन-चार वेळा चुकले तर पुढे रेटू नका, एक पायरी मागे या आणि जे येते तिथे थांबून खेळ संपवा. चुकीचा उच्चार वीस वेळा करून घेणे म्हणजे चुकीचाच वीस वेळा सराव होय. सासूबाई रोज 'काका' वदवून घेतात तेव्हा नेमके हेच घडते, कारण त्या शब्दाच्या सुरुवातीलाच 'क' आहे, म्हणजे जो जमत नाही तोच. 'क, ख, ग, घ' पाठ म्हणवून घेण्याचीही तीच गत आहे. ती अक्षरओळख आहे, उच्चारांचा सराव नव्हे. कौतुक करतानाही नुसते 'शाब्बास' म्हणण्यापेक्षा 'या वेळी जीभ मागे गेली, मला क् ऐकू आला' असे म्हणा, म्हणजे कोणती गोष्ट पुन्हा करायची ते त्याला कळते.

सासूबाईंची तळमळ खरी आहे आणि ती वाया जाऊ नये. त्यांना या सगळ्यातून बाजूला करण्याऐवजी गोष्ट सांगण्याचे काम द्या. 'क' आणि 'ग' भरपूर असलेली, कावळ्याची किंवा गाढवाची गोष्ट त्यांनी रोज संध्याकाळी सांगावी, मुलाने फक्त ऐकावी, मध्ये बोलावेसे वाटले तर हवे तसे बोलावे. आजीसमोर बसण्याची भीती गेली की पाहुण्यांसमोरची भीतीही कमी होईल. पाहुण्यांना 'बघा, आता म्हणून दाखव' असे सांगून त्याच्याकडून प्रदर्शन करवून घेणे मात्र पूर्ण बंद करा, आणि कोणी हसले तर त्याच्यादेखत शांतपणे 'तो सांगतो आहे ते आपण ऐकू या' असे म्हणा.

जिभेखालच्या पडद्याविषयी थोडक्यात. 'क' आणि 'ग' काढताना जिभेचे टोक वापरलेच जात नाही, त्यामुळे टोकाखालचा पडदा कापून 'क' येण्याचे काही कारण नाही. 'र'साठी टोक लागते हे खरे, पण पडदा थोडा आखूड असलेली पुष्कळ मुले स्वच्छ बोलतात. तज्ज्ञांनी जीभ तपासल्याशिवाय, केवळ बोबडेपणासाठी, ही शस्त्रक्रिया करू नका. शिट्ट्या वाजवणे, फुंकर मारणे, जीभ गोल फिरवणे असे व्यायामही तुम्हाला कोणी सुचवील. २०१५ साली कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा व्यायामांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या व्यायामांनी उच्चार सुधारतात असे दाखवणारा भक्कम पुरावा मिळाला नाही. फुगे फुगवण्यात मौज आहे, तेवढ्यासाठी ते जरूर फुगवावेत. 'क' मात्र 'क' म्हणूनच येतो.

तुमच्या पतींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, २७ भाषांमधील मुलांच्या अभ्यासांच्या एका आढाव्यात, पाच वर्षांच्या सुमारास मुलांना आपल्या भाषेतील बहुतेक व्यंजने येऊ लागतात असे दिसले. 'र' उशिरा येणाऱ्यांपैकी आहे. त्याची चिंता आज करू नका आणि त्याचा सरावही आत्ता घेऊ नका, कारण दोन ध्वनी एकदम हाती घेतले की मूल गोंधळते. 'क' आणि 'ग' मात्र बहुतेक मुलांना चारच्या आसपास येतात, आणि चार वर्षांच्या मुलाचे बोलणे, काही ध्वनी चुकत असले तरी, अनोळखी माणसालाही बहुतांशी कळायला हवे. तुमच्या मुलाचे बोलणे बाहेरच्यांना फारसे कळत नाही आणि तो गप्प होऊ लागला आहे, या दोन कारणांसाठी केवळ वाट पाहणे मला योग्य वाटत नाही. शाळेत लिहिण्या-वाचण्याला सुरुवात होण्याआधी हे सुटले तर उत्तम, कारण शाळेत जाईपर्यंत बोलणे अस्पष्ट राहिलेल्या काही मुलांना पुढे वाचन-लेखनातही अडचण येते. म्हणून श्रवणचाचणीबरोबरच वाचा-उपचारतज्ज्ञांची, म्हणजे स्पीच थेरपिस्टची, वेळ घ्या.

घरात ज्या बोलीत 'ळ' किंवा 'ण' वेगळ्या तऱ्हेने म्हटला जातो त्या बोलीचे उच्चार मुलाने उचलले असतील तर तो दोष नव्हे, हेही तज्ज्ञांना सांगून ठेवा. त्याच्या कानावर दोन भाषा पडत असतील तर त्यांपैकी एक बंद करण्याचीही गरज नाही. दोन भाषांमुळे उच्चारदोष निर्माण होत नाही.

काही लक्षणे दिसली तर घरचा सराव थांबवून आधी तज्ज्ञांकडेच जावे : आवाज सतत नाकातून येणे किंवा गिळताना पातळ पदार्थ नाकावाटे येणे, तोच शब्द दरवेळी निराळ्या प्रकारे चुकणे आणि शब्द शोधताना ओठ-जीभ चाचपडणे, स्वरही बिघडणे, किंवा आधी येत असलेले बोलणे नाहीसे होणे. मूल शब्दावर अडत असेल, पहिले अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर तो तोतरेपणाचा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वर सांगितलेला सराव लागू नाही.

तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एक वही जवळ ठेवा. तो कोणता शब्द कसा म्हणाला, आणि विशेषतः 'नाक'सारखे कोणते शब्द बरोबर आले, ते त्यात लिहून काढा. त्याच्या नकळत, खेळताना चाललेले सहज बोलणे दोन-तीन मिनिटे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून न्या, कारण अनोळखी खोलीत तो बोलेलच असे नाही. तिथे गेल्यावर त्यांनी कोणता ध्वनी आधी घ्यायचा, किती वेळ आणि कोणत्या शब्दांनी, हे विचारून घ्या. त्यांनी मुलाला प्रत्यक्ष पाहून सांगितलेला क्रम मी येथे दिलेल्या क्रमापेक्षा वेगळा असेल तर त्यांचाच क्रम पाळा.